सांगावा कुणी न्यायचा

यंदा टँकर होळीच्या आधीच सुरू झाला. सकाळी शाळेला येताना कळंबच्या एसटी स्टँडपाशी तो उभा होता. मागच्या तोटीतून थेंब गळत होते आणि त्या थेंबांखाली कुणीतरी तांब्या लावून ठेवला होता. तांब्याचा धनी जवळपास नव्हता. मी क्षणभर थांबलो आणि पुढं निघालो. मला काही वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापासून टँकर दिसला की मला काहीच वाटत नाही. फक्त बोटं आपोआप एकमेकांवर घासली जातात, खडू झटकल्यासारखी.

त्या उन्हाळ्याचे रंग मला आठवत नाहीत. आवाज आठवतात. सहकारी दूध संस्थेचा ट्रक सकाळी गावोगावचे कॅन घेऊन यायचा. बऱ्या वर्षी भरलेले कॅन उतरवताना धप्प असा जड आवाज येतो. त्या वर्षी कॅन वाजायचे. घंटेसारखे वाजायचे. मी खोलीवर अंथरुणात पडल्या पडल्या त्या आवाजावरून सांगू शकायचो, आज कुठल्या गावच्या म्हशी आटल्या. चाऱ्याच्या डेपोवर कडबा तोडण्याचा आवाज, रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायकांच्या रिकाम्या पाट्यांचा आवाज, आणि दुपारी काहीच आवाज नाही. झाडावर पानंच नव्हती, मग सळसळ कुठली.

त्या उन्हाळ्याच्या आधी, दिवाळीनंतर, आमच्या शाळेत अकरावीला वृत्तलेखन हा नवा विषय आला. शिकवायचा कुणी, असं निघालं तेव्हा हेडमास्तरांनी माझ्याकडं बोट केलं.

“तुम्ही पत्रकं काढता ना? मग झालं की.”

पत्रकं काढतो हे खरं होतं. मी वाढलोच पत्रकांवर. गावातल्या आमच्या घराच्या भिंतींना आतून पत्रकं चिकटवलेली होती. माती गळू नये म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खळ लावून ती डकवली होती. शाळेत जाण्याआधी मी वाचायला शिकलो ते त्या भिंतीवर. इतर पोरं घर, गवत, गाय वाचत होती तेव्हा मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. आबा स्वतः तिशीत त्याच पत्रकांवर अक्षर शिकले, येसकरकी सोडल्यावर.

येसकरकी म्हणजे गावानं आमच्या लोकांवर लादलेली चाकरी. वेशीत बसायचं, दवंडी द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं, आणि गावात कुणी दगावलं की उन्हातान्हात चालत जाऊन त्याच्या पाहुण्यांच्या गावी मरणाचा सांगावा द्यायचा. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी आबांनी हातातली काठी वेशीत ठेवली आणि घरी आले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्या कामाबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मी त्याच्याविरुद्ध पत्रकं लिहिली होती आणि तेवढं पुरेसं आहे, असं मला वाटत होतं.

तर वृत्तलेखन. पहिले दोन महिने मी व्याख्या उतरवून दिल्या. बातमी म्हणजे काय, बातमीचे घटक किती, पहिल्या परिच्छेदात काय यावं. मुलं माना खाली घालून लिहीत होती. एके दिवशी बालाजी नावाच्या मुलानं हात वर केला. पुढच्या बाकावर बसायचा, घाईचा होता, अक्षर सुरेख.

“सर, गाय शिकवताना गाय दाखवत्यात. बातमी कधी दाखवणार?”

वर्ग हसला. मीही हसलो. पण खोलीवर गेल्यावर लक्षात आलं की बातमी मी स्वतःसुद्धा पाहिलेली नाही. मी निषेध पाहिला होता, आवाहन पाहिलं होतं, धिक्कार पाहिला होता. बातमी नाही.

मग आधी मी शिकायला गेलो. स्टँडच्या मागं रज्जाकभाईंचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बाजार समितीच्या पावत्या आणि माझी पत्रकं तिथंच छापली जात. मी म्हटलं, मला छपाईचे खिळे जुळवायला शिकवा. रज्जाकभाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“शिकवतो. पर एक बात. माज्याकडं उद्गारचिन्हं हायेत अकरा. तुमच्या एका कागदाला लागत्यात चौदा. दर बारीला तीन काय घरनं आणू?”

मी आठवडाभर उभं राहून खिळे जुळवले. एकेक अक्षर चिमटीत धरून, उलटं वाचत. माझंच एक जुनं पत्रक मी जुळवायला घेतलं होतं. तिसऱ्या ओळीपर्यंत माझे हात दुखायला लागले आणि पाचव्या ओळीला ‘निर्लज्ज’ हा शब्द आला तेव्हा मी तो सोडून पुढं गेलो. जोडाक्षर शोधायचा कंटाळा आला म्हणून. वाचून पाहिलं. काहीच कमी झालं नव्हतं. लिहिताना मला हे कधी कळलं नव्हतं, उभं राहिल्यावर पायांना कळलं.

दुसऱ्या आठवड्यात मुलांना तिथं नेलं. प्रत्येकानं एक बातमी लिहायची आणि स्वतःच्या हातानं जुळवायची. बालाजीनं दूध संस्थेच्या सभेची बातमी आणली होती : सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.

“खेळीमेळी तू बघितलीस?” मी विचारलं.

“न्हाय सर. भांडणं बघितली.”

“मग हे कशाला लिहिलंस?”

“सगळ्याच पेपरात आस्तंय की, सर.”

“आधी जुळीव,” रज्जाकभाई आतून म्हणाले. “खेळीमेळीच्या वातावरणात. मग सांग मला, ठेवायचंय का काढायचंय.”

बालाजीनं ‘खेळीमेळी’पर्यंत जुळवलं आणि काढून टाकलं.

मग फळा आला. स्टँडच्या भिंतीवर, चौकशीच्या खिडकीशेजारी, एसटी डेपोच्या कंट्रोलरनी परवानगी दिली आणि आम्ही काळ्या रंगाचा मोठा चौकोन मारून घेतला. रोज एक बातमी, मुलांनी स्वतः पाहिलेली. पहिली मंदानं आणली. मंदा माने माझ्याच गावची, मामीकडं राहून कळंबात शिकत होती. तिचे वडील किसन माने गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर, आई येरमाळ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला, बहिणीबरोबर तिथंच पालात राहून. दोन एकर कोरडवाहू होतं, त्यात त्या वर्षी पेरलेलंच उगवलं नव्हतं.

मी मुलांना टँकरच्या रांगेत उभं केलं होतं. घागर घेऊन उभं राहायचं, वही घेऊन नाही. मंदाच्या पुढं एक म्हातारी होती.

“काय गं, नवी दिसतीस. कुणाची?”

“शाळेची हाय, आज्जी. बातमी लिवायला आलीय.”

“लिव की मग. पर येक ध्यानात धर. टँकर येणार, आसं लिवू नगं. आला म्हंजी लिव. येणार येणार म्हणून आमच्या घागरी झिजल्या.”

रांगेतल्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, “म्हातारीला पेपरात घे गं, फोटूसकट.” “घे की,” म्हातारी म्हणाली, “निदान मेल्यावर तरी लोक म्हणतील, पाण्याच्या लाईनीत व्हती.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मंदाची बातमी लागली : टँकर काल आला नाही. आज दुपारी एक वाजता आला. शेवटच्या सात घागरी भरल्या नाहीत.

तीन वाक्यं. मी ती तीन वाक्यं वर्गात पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. मला नशा चढली होती. पंचवीस वर्षं मी ज्या रागावर जगत होतो त्याला पहिल्यांदा पाय फुटले, असं वाटत होतं. लोक बस सोडून फळा वाचायला थांबत. एकदा एक साहेब जीप थांबवून वाचून गेला आणि पुढच्या आठवड्यात टँकरची दुसरी फेरी सुरू झाली. मी मुलांना सांगितलं, आधी फळा, मग बाकी सगळं. बातमी शिळी होऊ द्यायची नाही. बातमीत आपलं-परकं नसतं.

आबा त्या उन्हाळ्यात माझ्याकडं राहायला आले होते. गावातली विहीर आटली होती. रोज दुपारी स्टँडच्या बाकड्यावर बसून ते फळा वाचत, ओठ हलवत. संध्याकाळी मला म्हणत, “गुरुजी, आज फळ्यावर कुणाचाच निषेध न्हाय. तब्येत बरी हाय न्हवं?”

तो दिवस चैत्रातला होता. सकाळच्या बसनं मी मंदाला एका गावी पाठवलं होतं, गाळ काढायचं काम चाललेली विहीर पाहायला. तीनच्या बसनं ती परत येणार होती. मी चार मुलांना घेऊन छापखान्यात होतो. दोन वाजून गेल्यावर बाहेर आलो तर फळ्यापुढं नेहमीपेक्षा जास्त माणसं होती.

फळ्यावर बालाजीच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं : पाझर तलावाच्या कामावर मातीची दरड कोसळून किसन विठोबा माने (वय ४५) हे मजूर आज सकाळी अकराच्या सुमारास ठार झाले. दोन मजूर जखमी आहेत. वर गावाचं नाव होतं. माझ्या गावाचं.

मी बातमी वाचली. कोण, कुठं, कधी, कसं, सगळं होतं. एकही विशेषण नव्हतं. पाच महिन्यांत माझ्या वर्गानं पहिल्यांदा पूर्ण बिनचूक बातमी लिहिली होती, आणि माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं. शाबास, असं आलं. मग मी नाव वाचलं. नाव मी आधीही वाचलं होतं, पण बातमीतलं नाव म्हणून वाचलं होतं.

बालाजी शेजारीच उभा होता. हाताला खडू लागलेला.

“तुला कुणी सांगितलं?”

“शाळेत फोन आला, सर. गावच्या दूध संस्थेतनं. क्लार्कनी तुमच्यासाठी चिठ्ठी दिली.”

“चिठ्ठी कुठाय?”

त्यानं खिशातून काढली. चिठ्ठीत वरचा मजकूर होता आणि खाली एक ओळ : मंदाला सांगावे.

“हे वाचलं होतंस?”

“व्हय सर.” त्याचा आवाज बारीक झाला. “पर तुमीच म्हणालता न्हवं. आधी फळा.”

मी त्याला मारलं नाही, ओरडलोही नाही. त्याच्यावर ओरडायला माझ्याकडं काही नव्हतं. मी शर्टाच्या बाहीनं फळा पुसायला लागलो.

“आवो गुरुजी, पुसता कशाला?” मागून कुणीतरी म्हणालं. “खोटी हाय काय?”

“खरी आहे.”

“मग?”

मी पुसत राहिलो. पुसून झाल्यावरही पुसत राहिलो. बाही पांढरी झाली. तीनच्या बसमधून उतरणारं माणूस समोर बघतं तेव्हा पहिल्यांदा हाच फळा दिसतो. जागा मीच निवडली होती.

आबा बाकड्यावर होते. त्यांनी ती बातमी माझ्या आधी वाचली होती. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

“आबा, तिला सांगायचं कसं?”

ते समोर बघत राहिले. “मला इचारू नगंस.”

मी विचारायला नकोच होतं. पण मला दुसरं कुणी माहीत नव्हतं. माझ्या पुस्तकात बातमी लिहायची कशी ते होतं, सांगायची कशी ते नव्हतं. एक बार्शीची गाडी लागली आणि गेली. उन्हात डांबर चिकटत होतं, टायरांचा चर्र असा आवाज येत होता. मला त्या आवाजाशिवाय काही जाणवत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आबा उठले. हॉटेलातून पाण्याचा गिलास मागून आणला आणि बाकड्यावर माझ्यापाशी ठेवला.

“आधी पाणी. सांगितल्यावर गळ्याखाली उतरत न्हाय.”

“मग?”

“मग आपून कोण, कुठनं निरोप आला ते सांगायचं. मग नाव घ्यायचं अन् ‘गेले’ म्हणायचं. लई लोक खोटं सांगत्यात, शिरेस हाय, चला म्हणत्यात. म्या कधी सांगितलं न्हाय. माणूस वाटंनं आस धरून येतंय अन् दारात तिरडी दिसती. त्ये वंगाळ.”

“मग?”

“मग गप ऱ्हायाचं. ती इचारंल तेवढंच बोलायचं. अन् ती जा म्हणंस्तवर हलायचं न्हाय.”

मला राग यायला हवा होता. हे शहाणपण आबांना कुणी मानानं दिलेलं नव्हतं. गावानं त्यांना दहा-दहा कोस अनवाणी पिटाळलं, तेव्हा ते त्यांच्या तळपायातून वर आलं. मी यावर चार पानी पत्रक लिहू शकलो असतो. एरवी लिहिलंच असतं. त्या दुपारी मी फक्त मनात क्रम पाठ करत होतो : पाणी, कोण, कुठून, नाव, गेले. फळ्यावर मरण पहिल्याच वाक्यात होतं, यात ते सगळ्यात शेवटी होतं.

बस आली. मंदा उड्या मारतच उतरली, पायांना वाळलेला गाळ, हातात वही.

“सर, विहिरीत उतरले मी! बायका म्हणल्या, उतरून बघ म्हंजी कळंल. खाली गार हाय सर, लई गार…” मग तिचं लक्ष भिंतीकडं गेलं. “आज फळा मोकळाच?”

“पाणी पी आधी.”

ती उन्हातून आली होती. गटागटा प्यायली. गिलास खाली ठेवला आणि माझ्या बाहीकडं बघितलं. मी बोललो. “मंदा, आपल्या गावातून, दूध संस्थेतून, शाळेत फोन आला होता. सकाळी पाझर तलावावर माती ढासळली. तुझे वडील त्याखाली होते. किसनराव गेले.”

मग मी गप्प राहिलो. आयुष्यात इतकं गप्प राहिलो नव्हतो. कंडक्टर ओरडत होता, लातूर, लातूर. मंदा माझ्याकडं बघत नव्हती, आबांकडंही नव्हती. तिनं वही छातीशी धरली, मग खाली केली, मग पुन्हा धरली. तिनं जे पहिलं विचारलं ते मी अजून रोज ऐकतो.

“आईला कुणी सांगितलं?”

मी बालाजीकडं बघितलं. बालाजीनं चिठ्ठीकडं बघितलं. चिठ्ठीत ते नव्हतं. बातमीतही नव्हतं. कंट्रोलरच्या खोलीतून मी दूध संस्थेला फोन लावला. सेक्रेटरीचा आवाज लांबून येत होता.

“गेलं आसंल की कुणीतरी.”

“कोण गेलंय?”

“सरपंचांनी धाडलं आसंल.”

“विचारा त्यांना.”

बराच वेळ नुसती खरखर. मग, “सरपंच म्हणत्यात, मुकादम धाडणार होता. मुकादम जखमींसंगं दवाखान्यात हाय.” पुन्हा खरखर. “गुरुजी, तसं कुणी गेलेलं दिसत न्हाय. मयत सांजच्याला गावात आणणार हायेत. तुमीच बघता काय?”

फोन ठेवला तेव्हा मला एक गोष्ट अगदी सपाटपणे कळली. आबांनी तीस वर्षांपूर्वी काठी वेशीत ठेवली. ती ठेवलीच पाहिजे होती. पण नंतर ती कुणीच उचलली नाही. गावानं दूध संस्था काढली, सोसायटी काढली, फोन आणला. मरणाचं सांगायला जायचं काम मात्र ज्यांच्यावर लादलं होतं त्यांच्याकडून सुटलं आणि तिथंच पडून राहिलं. जो तो म्हणतो, दुसरं कुणीतरी गेलं असेल. मीसुद्धा इतकी पत्रकं लिहिली, पण हे काम आता कुणी करायचं, हे एकाही पत्रकात लिहिलं नव्हतं.

आता मी वर्गात याचा एक धडा घेतो. तो कुठल्याच पुस्तकात नाही. एका मुलाला एक खरी बातमी द्यायची. ती लिहायची नाही. ज्या माणसाशी तिचा संबंध आहे त्याच्याकडं चालत जायचं आणि तोंडानं सांगायची. डेपोवर उद्या कडबा मिळणार नाही, ही बातमी डेपोच्या रांगेतल्या माणसाला. दाखला आला नाही, ही बातमी ज्याचा दाखला त्याला. मग गप्प राहायचं आणि त्यानं पहिलं काय विचारलं ते परत येऊन मला सांगायचं. त्यानं विचारलेल्याचं उत्तर तुमच्या कागदावर नसेल तर पुन्हा जायचं. त्यानंतर फळा. मुलं कुरकुरतात. पत्रक बरं असतं. जीपमधून उधळलं की झालं, घेणाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही. हे मी स्वतःला सांगतो, मुलांना नाही. मुलांना मी फक्त चालायला लावतो. बालाजी आता बीडला एका साप्ताहिकात आहे. मधे भेटला तेव्हा म्हणाला, “सर, मी आधी जाऊन येतो.” एवढंच म्हणाला. मीही पुढं विचारलं नाही.

त्या दुपारी मंदा म्हणाली, “मी सांगते आईला.”

येरमाळ्याकडची गाडी साडेतीनला होती. मंदाच्या मामीला घेऊन थेट गावाकडं जायला बालाजीला सांगितलं. आबा उठून माझ्याआधी गाडीकडं निघाले.

“आबा, तुम्ही नको,” मी म्हणालो. “तुम्ही हे सोडलंय.”

“तवा गाव धाडायचं,” ते म्हणाले. “आज कुणी धाडलंय मला?”

गाडीत ते आणि मंदा एका बाकावर बसले, मी मागच्या. दोन्ही बाजूंना रानं होती, ढेकळं नुसती, मधेच एखादं बाभळीचं झाड, त्याखाली दोन हडकुळी जनावरं. मंदा रडत नव्हती. आबा तिच्याकडं न बघता म्हणाले, “तुज्या आज्याचा सांगावा म्याच नेला हुता. बार्शीच्या पल्याड, तुज्या थोरल्या आत्याला.”

मंदानं मान वळवली. “आत्यानं काय विचारलं?”

“इचारलं, जेवले हुते का.”

“मग?”

“म्हणलं, व्हय. भाकर खाल्ली, कांद्याची पात खाल्ली. खरंच खाल्ली हुती.”

“मग आत्या काय म्हणाली?”

“काय न्हाय. बरं म्हणाली.”

त्या आत्याच्या दारात आबांना अंगणाबाहेर उभं केलं होतं आणि पाणी वरून ओंजळीत ओतलं होतं. हे मला आईनं सांगितलेलं होतं. माझ्या पत्रकात हे वाक्य सगळ्यात वर आलं असतं, मोठ्या टाइपात. आबांनी ते मंदाला सांगितलं नाही. ते विसरले नव्हते. तिनं तेवढं विचारलं नव्हतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, मी ते गिळलं आणि मागच्या बाकावर बसून राहिलो. हे बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता येत नाही.

“आबा,” मंदानं विचारलं, “मी पहिलं काय म्हणू?”

गाडी एका नाल्यात उतरून वर चढली.

“म्या सांगायचो ते परक्याला,” ते म्हणाले. “तुजी आई हाय ती. तिथं गेल्यावर तुला उमगंल.”

रस्त्याच्या कामापाशी कंडक्टरनं घंटी मारून आम्हाला उतरवलं. खडीच्या ढिगांची लांब ओळ होती आणि प्रत्येक ढिगापाशी एक बाई, तोंडाला पदर गुंडाळलेली. पन्नासेक हातोड्यांचा आवाज एकाच वेळी येत होता, ताल नसलेला. मंदाची आई मधे कुठंतरी होती. मी पुढं निघालो. आबांनी मागून माझी बाही धरली.

“आपून हितंच.”

मंदा एकटी गेली. वही तिनं आबांच्या हातात दिली होती. आईनं तिला लांबूनच ओळखलं, तोंडावरचा पदर खाली केला आणि हसली. पोरीला सुट्टी मिळाली, असं वाटलं असेल. मंदा तिच्यासमोर थांबली नाही. शेजारी खडीवर बसली, खांद्याला खांदा लावून, दोघींची तोंडं एकाच दिशेला. आईच्या हातातला हातोडा घेतला आणि आपल्या मागं ठेवला. मग काहीतरी बोलली.

आम्ही उभे होतो तिथून ऐकू येत नव्हतं. त्या पावसाळ्यानंतर मंदा पुन्हा वर्गात आली, परीक्षेला बसली, माझ्यासमोर बसून तिनं कितीतरी बातम्या लिहिल्या. ती आईला काय म्हणाली ते मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

मंदाच्या आईनं आधी पोरीच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली. मग तिचा हात तिथंच राहिला. शेजारच्या बाईचा हातोडा थांबला, तिच्या पलीकडच्या बाईचा थांबला, आणि एकेक करत ओळीच्या टोकापर्यंत सगळे थांबत गेले.